तारा का बुजते?

"हिच्या रक्तातच खोड हाय बघ. बापावर गेलीय," असं म्हणून मामांनी ताराचा लगाम माझ्या हातात दिला आणि ते पार्टीवाल्यांशी बोलायला गेले. विजापूर रोडवरच्या एका कार्यालयाबाहेरची गोष्ट. वरात दारात पोचली होती, बँडवाल्यांनी शेवटचं गाणं घेतलं होतं, आणि कुणीतरी चमचमत्या कागदांचे तुकडे उडवायचं ते मशीन चालू केलं. फस्स करून आवाज झाला आणि तारा नवरदेवासकट चार पावलं मागं सरकली, मागं उभ्या असलेल्या एका काकांच्या बुटावर तिची टाप पडली. हाड वाचलं, देवाची कृपा. पण नवरदेवाला खाली उतरवावं लागलं, तो बिचारा उरलेलं अंतर चालत गेला, आणि पार्टीने ठरलेल्या पैशातले निम्मे कापले. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

मी ताराला बाजूला लिंबाच्या झाडाखाली नेलं. तिच्या मानेवर हात ठेवला तर कातडी बारीक बारीक थरथरत होती, पंख्याच्या मोटरीवर हात ठेवल्यावर लागते ना तशी. डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता, एक कान पुढं एक कान मागं, आणि लगामाच्या पट्ट्याखाली घामाचा पांढरा फेस झाला होता, साबण लावल्यासारखा. (घोड्याच्या घामात एक प्रोटीन असतं, त्यानं खरंच फेस होतो.) तिनं काही खोडी काढली असं मला एक क्षणही वाटलं नाही. ती घाबरली होती, एवढंच. आणि तेव्हापासून हा "खोड" शब्द माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी आमचं सांगते. आमच्या आजोळी तीन पिढ्या घोडे आहेत. आजोबा, म्हणजे आप्पा, सोलापूर स्टेशनवर टांगा चालवायचे, रिक्षा वाढल्या तसा टांगा बंद झाला पण घोडं काही सुटलं नाही. आता सोलापुरातल्या बाळे भागात मामांचा छोटा तबेला आहे, वरातीचे घोडे. मी स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर रक्ताच्या नळ्या आणि रिपोर्ट, त्यामुळे "रक्तात आहे" असं कुणी म्हटलं की माझं डोकं लगेच चालायला लागतं, की रक्तात म्हणजे नेमकं कुठं?

तबेल्यात सध्या तिघी आहेत. चांदणी ही म्हातारी, वय सतरा. तिच्या दोन मुली, गंगा आणि तारा, दोघींचे बाप वेगळे. चांदणी म्हणजे काय सांगू, कानाशी फटाक्यांची माळ लागली तरी खालचा ओठ सैल सोडून, मागचा एक पाय मुडपून उभी. गंगा जवळजवळ तशीच. आणि तारा ही अशी. पाण्याच्या डबक्यात ऊन चमकलं तरी बुजते, फ्लेक्स फडफडला तरी बुजते, कुणी एकदम छत्री उघडली तर विचारूच नका. आई एक, तबेला एक, कडबा एक, हरभरा एक. मग राहिलं काय, बाप. मामांचा हिशोब असा सरळ होता, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तो पटला होता. खाण तशी माती.

वरातीच्या त्या प्रकारानंतर मामांनी डॉक्टरांना बोलावलं, कुठं दुखतंय का बघा म्हणून. हे मात्र फार चांगलं केलं, कारण पाठ दुखत असेल, खोगीर लागत असेल, दात टोचत असतील, पोटात अल्सर असेल तरी घोडं असंच वागतं आणि आपण त्याला नाव ठेवतो खोडकर. ताराला तसलं काही निघालं नाही. डॉक्टरांनी रक्त घेतलं, पण सुई बघूनच ती इतकी नाचली की दोघांनी धरावं लागलं. डॉक्टरांना म्हटलं एक नळी मला द्या, मी सरांना विचारून आमच्याकडं पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते, बघते. आमच्या मशीनला माणसाच्या रक्ताची सवय, म्हणून साध्या काचेच्या बारीक नळीत भरून सेंट्रिफ्यूजला फिरवलं. आकडा आला ५२. मी चाटच पडले, कारण चांदणीचा त्याच दिवशी ३५ होता. माणसाचा ५२ आला असता तर मी आधी विचारलं असतं की पाणी किती पिता. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, घाबरली होती ना सुई टोचताना, मग येणारच, दोन दिवसांनी शांत असताना परत घेऊ. परत घेतलं. ३८.

याचं कारण मला तेव्हा कळलं आणि अजून त्याचं नवल वाटतं. घोड्याची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचं कोठार असतं. घोडं घाबरलं की ॲड्रेनलिन सुटतं, प्लीहा आकसते, आणि साठवलेल्या पेशी एकदम रक्तात ढकलल्या जातात, म्हणजे पळायची वेळ आली तर स्नायूंना ऑक्सिजन कमी पडायला नको. काही क्षणांत हे होतं. म्हणजे त्या कार्यालयाच्या दारात कागदाचे तुकडे उडाले तेव्हा ताराचं रक्त अक्षरशः दाट झालं होतं. मामा म्हणतात रक्तात आहे, तर हो, होतंच की रक्तात! पण ते कुठल्याही घोड्याच्या रक्तात होईल. गवताळ रानात लांडग्यापासून पळून पळून वाचलेल्या जनावराचं शरीर आहे ते. डोळे डोक्याच्या बाजूला, जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं सोडून. जरा काही हललं की आधी पळ, मग बघ काय होतं ते. ॲड्रेनलिनच्या मागून कॉर्टिसॉल, ताणाचं दुसरं संप्रेरक, येतं, ते हळू चढतं आणि हळू उतरतं. आमच्याकडं माणसांचं कॉर्टिसॉल सकाळी आठला घेतात कारण सकाळी ते जास्त असतं, घोड्याचंही तसंच, सकाळी जास्त संध्याकाळी कमी. आता तर नुसत्या लाळेतूनसुद्धा घोड्याचं कॉर्टिसॉल मोजतात, सुई टोचायची गरज नाही, सुईनंच घाबरून आकडा बिघडायची भीती नाही.

बरं. मग घोड्याघोड्यात फरक का? सगळ्यांची प्लीहा तीच, सगळ्यांचं ॲड्रेनलिन तेच, तरी चांदणी झोपा काढते आणि तारा नाचते.

इथं जनुकं येतात, आणि येतात हे खरंच आहे, मामा पूर्ण चुकीचे नाहीत. घोड्याची गुणसूत्रं ६४, म्हणजे ३२ जोड्या. पूर्ण जनुकीय आराखडा २००९ साली छापून आला, तो ट्वायलाइट नावाच्या एका थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोडीचा होता, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातली. पण त्याच्याही आधी, २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दोन वर्षांच्या थरोब्रेड घोड्यांमध्ये डीआरडी४ नावाचं जनुक तपासलं होतं. मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन जिथं जाऊन चिकटतं, त्या एका खाचेचं हे जनुक. त्यात एका जागी डीएनएचं एक अक्षर बदलतं, ए च्या जागी जी. ज्या घोड्यांकडं ए वालं रूप नव्हतं ते त्यांच्या सांभाळणाऱ्यांच्या मते जास्त चौकस निघाले, नवं काही दिसलं की जाऊन हुंगणारे, आणि कमी सावध. पुढं २०१६ मध्ये जपानमध्येच सेरोटोनिन या तसल्याच दुसऱ्या रसायनाच्या खाचेचं एक जनुक, एचटीआर१ए, आणि घोडं हाताला किती ऐकतं याचा संबंध दिसला, आणि तो नरांपेक्षा माद्यांमध्ये जास्त ठळक होता. हे वाचलं तेव्हा मी आधी ताराचाच विचार केला.

पण हे वाचून "बुजरेपणाचं जनुक सापडलं" असं कुणी म्हणू नका. अशी एकेक अक्षरं फार थोडा फरक पाडतात. उंची जशी एका जनुकानं ठरत नाही तसाच स्वभावही, शेकडो ठिकाणचे छोटे छोटे फरक मिळून तो बनतो. आणि स्वभाव किती वारशानं येतो याचा जो आकडा शास्त्रज्ञ काढतात, त्याचा अर्थ आपण हमखास चुकीचा लावतो. समजा म्हटलं की भित्रेपणा ३० टक्के अनुवंशिक आहे, तर त्याचा अर्थ ताराच्या भीतीतला ३० टक्के वाटा बापाचा असा नाही होत. एका कळपात घोड्याघोड्यात जो फरक दिसतो, त्यातला तेवढा भाग जनुकांच्या फरकामुळं, असा त्याचा अर्थ. कळपाचा आकडा आहे तो, एका घोडीच्या कपाळावर चिकटवायचा नाही. रक्ताच्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज लिहिलेली असते ना, तिच्यावरून जसं समोरच्या माणसाचं आयुष्य सांगता येत नाही तसंच.

तरी वारसा आहे म्हणजे आहेच. घोडा माणसाळला तोच मुळी स्वभावावर. २०२१ मध्ये जुन्या हाडांमधल्या डीएनएवरून एक मोठं काम आलं, आजचे पाळीव घोडे कुठून आले ते शोधायचं. उत्तर निघालं व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या अंगाचा गवताळ प्रदेश, आणि तिथून इसवी सनापूर्वी २२०० च्या आसपास हे घोडे चहूकडं पसरले. त्या घोड्यांमध्ये दोन जागा अशा सापडल्या की जिथं माणसानं अगदी ठासून निवड केलेली दिसते. एक जीएसडीएमसी, तिचा संबंध पाठीच्या कण्याशी, म्हणजे पाठीवर माणूस पेलण्याशी. दुसरी झेडएफपीएम१, मेंदूतल्या सेरोटोनिनच्या पेशी तयार होण्यात तिचा हात असतो, त्यामुळं मूड, भीती, आक्रमकपणा याच्याशी संबंध. किती साधी गोष्ट आहे बघा. ज्यानं पहिल्यांदा घोडं पाळलं त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या, पाठ मजबूत आणि डोकं शांत. रंग नव्हता त्यात.

आणि आम्ही काय बघतो? रंग. वरातीला पांढराशुभ्र नुकरा पाहिजे. पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, असेल तर पैसे जास्त. बाजारात गेलं की भोवरे मोजतात, कपाळावर कुठं, मानेवर कुठं, देवमण हा मानेचा शुभ भोवरा आहे का, डोळ्याखालचा अशुभ आसवढाळ तर नाही ना. मी भोवऱ्यांना हसत नाही हां, पोलंडमध्ये २००७ साली कोनिक जातीच्या घोड्यांवर काम झालं होतं आणि कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेले घोडे हाताळायला जरा जड गेले असं त्यात निघालं. पण आपल्याकडं भोवरा बघतात तो मालकाला लाभेल की नाही हे ठरवायला. घोडीचा स्वभाव कसा, तिला आधी किती पिल्लं झाली, ती कशी निघाली, हे कुणी विचारत नाही. मला याचा खरंच राग येतो. चांगली शांत घोडी रंग मळकट म्हणून टांग्याला जुंपून संपवायची आणि भित्र्या नुकऱ्याची वीण वाढवायची, हे आपणच करतोय आणि वर म्हणतोय रक्तात खोड आहे.

आता ताराकडं येते. मला खटकलं ते असं की चांदणी अर्धी तर तिच्यातही आहे. गंगा आणि तारा दोघींनी आईकडून निम्मी निम्मी जनुकं घेतली, प्रत्येकीची निम्मी वेगळी असेल, पण इतका जमीनअस्मानाचा फरक? एका रविवारी मामींबरोबर शेंगा फोडत बसले होते तेव्हा सहज विचारलं, मामी, गंगा लहान होती तेव्हा कशी होती ओ? मामी म्हणाल्या, "अगं ती कुठं घरी असायची? आईच्या मागंमागं वरातीत की. चांदणीवर नवरा, आणि ही बाजूनं दुडूदुडू. लोकं पेढा भरवायची तिला." आणि तारा? "तारा कोरोनातली. तवा कुठल्या वराती."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

गंगा २०१७ च्या फेब्रुवारीतली. एप्रिल-मे मधल्या लग्नसराईत दोन-तीन महिन्यांची होती, रोज संध्याकाळी बँड, लाईटच्या माळा, फटाके, पोरंटोरं, आणि शेजारी आई खालचा ओठ सैल सोडून उभी. तारा जन्मली जून २०२० मध्ये. सोलापूर बंद. ना वरात, ना बाजार, जानेवारीतली गड्ड्याची जत्रासुद्धा नेहमीसारखी झाली नाही. तबेल्यासमोरून पोलिसांची गाडी सोडली तर काही जात नव्हतं. आणि त्यात सहा महिन्यांना तिला आईपासून एकदम तोडलं, कारण पैशाची चणचण, चांदणीला मामांनी चार महिने एका ओळखीच्या मळ्यावर ठेवलं होतं, तिथं चारा होता. म्हणजे तारानं पहिला बँड ऐकला तो तिसऱ्या वर्षी, पाठीवर खोगीर ठेवून, आणि शेजारी आई नसताना.

यावर डेन्मार्कमध्ये फार नेटकं काम झालंय. एक तर त्यांनी घाबरट घोड्यांबरोबर सरावलेला शांत जोडीदार ठेवून बघितला, तर घाबरटांचे हृदयाचे ठोके कमी राहिले, आणि नंतर एकटं नेलं तरी ते कमी घाबरले. दुसरं म्हणजे शिंगरांना पहिल्या काही आठवड्यांत, ज्या वस्तूंना आई सरावलेली आहे त्याच वस्तू आईसोबत दाखवल्या, आणि ती शिंगरं पाच महिन्यांची झाली तेव्हाही नव्या वस्तूंना कमी बुजत होती. आपल्याकडं हे कधीपासून म्हणतातच की, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आणि आप्पांची टांग्याची घोडी भीमथडी होती, धनगराकडून घेतलेली, बुटकी, दणकट, तिला मोटारीचा हॉर्न म्हणजे काहीच नाही वाटायचं. का वाटेल? ती शिंगरू असल्यापासून मेंढरं, कुत्री, डांबरी रस्ता, पाठीवर बिऱ्हाड घेतलेली आई, यातूनच चालत आली होती. भीमथडीला अलीकडे वेगळी जात म्हणून नोंद मिळाली, फार आनंद झाला मला, पण त्या जातीचा शांतपणा नुसत्या रक्तात नाही, तो त्या चालण्यातही आहे, आणि धनगरांचं चालणं बंद झालं तर उरलेलं रक्त किती पुरेल याची मला काळजी वाटते.

म्हणून बाप निर्दोष का? तसंही नाही म्हणता येत. दोन बहिणी म्हणजे काही प्रयोग नव्हे, एकीचा बाप वेगळा आणि जन्माचं सालही वेगळं, दोन्ही एकत्र गुंतलंय, सोडवता येणार नाही. माझा अंदाज एवढाच की बापाकडून आली असेल ती भीतीची पातळी, भांडं किती भरलेलं जन्माला आलं ती. फ्रान्समध्ये लान्साद नावाच्या संशोधिकेनं दाखवलंय की आठ महिन्यांचं असताना जे शिंगरू अचानक उघडलेल्या छत्रीला जास्त घाबरतं ते पुढं दीड वर्षाचं झाल्यावरही इतरांपेक्षा जास्तच घाबरतं, म्हणजे क्रम टिकतो. पण कशाला घाबरायचं आणि कशाला सोडून द्यायचं, हे मात्र आठ महिन्यांच्या आधीही शिकवलं जातं आणि नंतरही.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, बिडी ओढत राहिले. त्यांनी ताराला अकलूजच्या बाजारात काढायचं ठरवलंच होतं. मी म्हटलं, मामा, पुढच्या सराईपर्यंत थांबा. मामी म्हणाल्या, थांबा की ओ, पोरगी एवढं म्हणायलीय.

तर आम्ही काय केलं ते. पहिलं, तिची दावण बदलली, चांदणी आणि गंगाच्या मधोमध बांधली, आधी ती टोकाला भिंतीकडं एकटी होती. दुसरं, हरभरा आणि पेंड कमी केली आणि कडबा दिवसभर समोर ठेवला. घोड्याच्या पोटात आम्ल सतत सुटत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी, मोकळं घोडं दिवसातले पंधरा-सोळा तास चरत असतं, आणि आपण त्याला दोन वेळ तोबरा लावतो आणि मधे उपाशी. आमच्या एका जुन्या घोड्याला दावणीचं लाकूड दातात धरून वारा ओढायची सवय होती, सगळे म्हणायचे त्याला दुसऱ्यांपासून लांब बांधा नाहीतर बाकीचे शिकतील. बघून शिकतात याला ठोस पुरावा नाही, उलट आई तोडल्यावर लगेच जास्त दाणा खाल्लेल्या आणि कोंडून ठेवलेल्या शिंगरांत ही सवय जास्त लागते. लांब बांधून आपण त्याचं दुःख वाढवलं होतं. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तिसरी छत्री. हे सगळ्यात जास्त दिवस चाललं. पहिले आठ दिवस मी मिटलेली छत्री घेऊन चांदणीच्या अंगावर हात फिरवायचे, तारा बघायची. मग लांबून अर्धी उघडायची, ती मान खाली घेईपर्यंत थांबायचं, मिटायची, गुळाचा खडा. जवळ जायची घाई नाही. माझा जुना स्टेथोस्कोप घेऊन जायचे, डाव्या कोपरामागं लावला की ठोके स्वच्छ ऐकू येतात, शांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४. ताराचे नुसती छत्री हातात बघून ९६ झाले होते. पंधराव्या दिवशी ७२. महिन्यानं ५२.

एक दिवस मात्र ७० वर अडकले, खालीच येईनात. त्या दिवशी मी लॅबमध्ये एक रिपोर्ट चुकवला होता आणि बोलणी खाऊन आले होते. स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला होता २००९ साली, लोकांना घोडा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा चालवायला सांगितलं, आणि चौथ्या वेळी आधी सांगून ठेवलं की आता वाटेत छत्री उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही. पण माणसाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला तर कुणी काही सांगितलं नव्हतं. मी छत्री ठेवून दिली आणि त्या दिवशी नुसता खरारा केला.

हे सगळं करताना मला वारी आठवायची. लहानपणी आप्पांबरोबर सदाशिवनगरचं रिंगण बघितलंय, मी त्यांच्या खांद्यावर. लाखभर माणूस, टाळ, मृदंग, पताका, आणि मधून माऊलींचा अश्व सुटतो, पाठीवर कुणी नाही, आणि गर्दीला स्पर्श न करता धावत जातो, मागं लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. तेव्हा वाटायचं देवाचा घोडा आहे म्हणून. अजूनही वाटतं. पण आता हेही दिसतं की ते अश्व कर्नाटकातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात, मग आळंदीहून पंढरपूरला पालखीबरोबर पायी, दिवसेंदिवस माणसांत, आवाजात, आणि धरणारा माणूस घाबरलेला नसतो, तो नाम घेत असतो.

तारा गेल्या सराईत सहा वरातींना गेली. पहिल्या दोन गंगाच्या जोडीनं, नुसतीच, पाठीवर कुणी नाही. तिसरीपासून नवरदेव. डीजेवाल्या वराती मामांनी घेतल्याच नाहीत तिच्यासाठी, फक्त बँडच्या, आणि कागद उडवायचं मशीन असेल तर आधी सांगा अशी अट. पाचव्या वरातीत ते मशीन न सांगता आलंच. ती थांबली, मान वर केली, कान ताठ, मी श्वास धरून उभी, आणि मग तिनं फुर्रर्र करून नाक वाजवलं आणि खाली पडलेला चमकता कागद हुंगायला लागली. चांदणीसारखी ती कधीच होणार नाही, ते मला माहितीये. डबक्यातल्या उन्हाला अजून बुजते.

दिवाळीत अकलूजला गेलो, पण तारा घरीच होती. चांदणीचं वय झालं, आता वीण ताराकडून किंवा गंगाकडून धरायची, म्हणून घोडा बघायला. बाजार तुम्ही बघितला नसेल तर एकदा बघा, देशभरातून घोडे येतात, मारवाडी, काठेवाडी, धुळीत सगळं न्हाऊन निघतं. एक नुकरा मामांच्या मनात भरला. सवयीनं त्यांनी आधी कपाळाचा भोवरा बघितला, मान चाचपून देवमण बघितला, दात बघितले. मग मागं वळून माझ्याकडं हात केला. मी पिशवीतून छत्री काढून दिली. मामांनी दहा पावलांवर जाऊन ती फाडकन उघडली.

घोड्यानं मान वर केली, एक पाऊल मागं घेतलं, कान पुढं. थांबला. मग दोर ताणून पुढं आला आणि छत्रीची कड हुंगली.

मालक हसत होता, म्हणाला, "काय ओ पाव्हणं, ऊन लागायलंय का?"

"ह्याची आई कुठाय?" मामांनी विचारलं.

"आई? आई हितं कुठली, गावाकडं हाय. ती काय दावायला आणायजोगी न्हाई, रंगानं काळपट हाय."

"असू द्या की," मामा छत्री मिटत म्हणाले. "गाव कुठलं? रविवारी येतो बघायला."